बांधाकडची पोती

उन्हाळा आला की जिथे कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, अशा एका माळावरच्या गावात एक माणूस राहत होता. नाव त्याचं दौलती. स्वतःच्या कोंबड्यांवर त्याचा फार जीव आणि दुसऱ्याच्या कोंबड्यांवर फार डोळा. जीव लावून कुणाचं काही बिघडत नाही. डोळ्याने काय झालं ते सांगतो.

गावाच्या वेशीवर माळजाईचं देऊळ होतं. ऐन वैशाखात देवीची जत्रा भरायची, दहा गावचे पाहुणे यायचे, आणि पाहुण्यांना कोंबडीच्या रश्श्याचं जेवण असायचं. त्यातल्या पहिल्या एकवीस कोंबड्या गावातल्या एकाच घरच्या असत. त्यांना मानाच्या एकवीस म्हणत. अट अशी की कोंबडी माळावर मोकळी चरून वाढलेली हवी. कोंडून, खाऊ घालून फुगवलेली देवीला चालत नसे. देवळातली म्हातारी पुजारीण एकेक कोंबडी हातात तोलायची, पंखाखाली बोटं घालून बघायची आणि मग मान कुणाला ते सांगायची. गेली अकरा वर्षं ती दौलतीचं नाव सांगत आली होती.

आता तुम्ही म्हणाल, कोंबड्या वाढवण्यात काय एवढं? दाणे फेकले, पाणी ठेवलं, झालं. पावसाळ्यात झालंही असेल. उन्हाळ्यात माळावर येऊन बघा. कोंबडीला घाम येत नाही. अंगात उष्णता भरली की ती बिचारी चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते आणि सावली शोधते. रश्श्यासाठी वाढवलेली कोंबडी अंगाने भरलेली असते, तिला तर दहा पावलं चालणं जिवावर येतं. पाणी लांब असलं तर ती तहानेली बसून राहील, पण उठणार नाही. पाणी गरम झालं तर तोंड लावणार नाही. गवत वाळलेलं, वर घारी, खाली मुंगूस. एवढं सगळं सांभाळून चाळीस कोंबड्या जत्रेपर्यंत आणायच्या म्हणजे माणसाला दुपारी पाठ टेकायची सोय नाही.

दौलतीला ही विद्या पुरती अवगत होती. त्याचं खुराडं बांबूचं, चार बाजूंनी जाळीचं, वर पाल्याचं छप्पर. रोज सकाळी तो आणि त्याची बायको सगुणा दोन टोकांना धरून ते खुराडं एक खुराडंभर पुढे सरकवत, म्हणजे कोंबड्यांना ताजी जागा आणि ताजे किडे मिळत. सकाळ-संध्याकाळ कोंबड्या बाहेर चरत, भर दुपारी खुराड्याच्या सावलीत बसत. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर. भर दुपारी एक दाणासुद्धा नाही, कारण खाल्लेलं पचवतानाही अंग तापतं. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दुपारभरात तीनदा बदललेलं.

त्याच्या शेताला पश्चिमेला बांध होता. बांधापलीकडे केरबाचं शेत. केरबा त्याचा चुलत भाऊ, वयाने दहा वर्षांनी लहान. तीन वर्षांपूर्वी हा केरबा हात जोडून आला होता, "दादा, मला बी कोंबड्या पाळायला शिकवा." दौलतीने त्याला सगळं शिकवलं. खुराडं कसं विणायचं, कधी सरकवायचं, आजारी कोंबडी कशी ओळखायची, काही म्हणून राखून ठेवलं नाही. तेव्हा दौलती मोठ्या मनाचा होता. शिकणारा खाली बसलेला असतो तोवर मन मोठं ठेवायला काही लागत नाही.

त्या वर्षी चैत्र सरता सरता पुजारीण माळावरून चालली होती. केरबाच्या कोंबड्या बघून ती थांबली. मग बांधावरून दौलतीला हाक मारून म्हणाली, "दौलती, केरबाची पाखरं औंदा झ्याक दिसत्यात की रं!"

एवढंच बोलली ती. दौलतीच्या कोंबड्यांना वाईट म्हणाली नाही. केरबाला मान देते असंही म्हणाली नाही. पण दौलतीच्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

तो जेवायला बसला की त्याला ते वाक्य आठवे. झ्याक दिसत्यात म्हणजे काय? माझ्या दिसत नाहीत? अकरा वर्षं ही बाई माझ्या कोंबड्या तोलते, एकदा तरी बांधावरून हाक मारून झ्याक म्हणाली का? कालचं पोर, माझ्याच हाताखाली शिकलेलं, आणि झ्याक! त्याने भाकरी अर्धी टाकली आणि बांधाजवळच्या बाभळीच्या आडून केरबाच्या शेताकडे बघायला गेला.

मग रोजचंच झालं. केरबाने खुराड्यावर पळसाची पानं घातली की याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. केरबाची कोंबडी टुणकन उडी मारून नाकतोडा पकडायची आणि इकडे दौलतीचे डोळे बारीक व्हायचे. केरबा आपल्या बायकोशी बोलताना हसला तर याला वाटायचं, हा मलाच हसतोय. तुम्ही हसू नका. शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहिली तेव्हा तुम्हीही खिडकीचा पडदा सारून बघितलंच होतं.

एके सकाळी सगुणाने त्याला बाभळीमागे पकडलं.

"काय करताय हितं?"

"मोजतुया. त्याच्या छत्तीस हायत."

"आन् आपल्या?"

"आपल्या चाळीस. पर त्याच्या चपळ हायत, सगुना. पुजारनीला चपळ आवडाया लागल्या वाटतं."

"अवं, आपल्या चाळीसांच्या परळातलं पानी संपलंय," सगुणा म्हणाली. "त्येवढं बगा आदी."

दौलतीने पाणी घातलं, पण त्याचं चित्त बांधापलीकडेच होतं. विचार करकरून त्याने ठरवलं की चपळाईत केरबा पुढे गेला तर आपण वजनात पुढे जायचं. यंदा कोंबडी अशी भारी करायची की पुजारणीचा हात खाली वाकला पाहिजे. आणि ज्या माणसाने अकरा वर्षं भर दुपारी कोंबडीला दाणा दाखवला नव्हता, त्याने भर दुपारी मूठ-मूठ मक्याचा भरडा टाकायला सुरुवात केली.

सगुणा म्हणाली, "तुमीच सांगत व्हता, दुपारी दाना म्हंजे आगीत काडी."

"ह्ये वरीस येगळं हाय."

"काय येगळं हाय?"

दौलतीने भरड्याची आणखी एक मूठ टाकली. वेगळं काय होतं ते त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

कोंबड्या भारी झाल्या, हे खरं. आठ दिवसांत त्यांची अंगं भरली, चाल मंदावली. एकदा केरबा बांधावर उभा राहून कौतुकाने म्हणाला, "दादा, काय कोंबड्या झाल्यात तुमच्या! डोळं ठरत न्हाईत."

झालं! डोळं ठरत न्हाईत, असं खुद्द केरबाच म्हणाला. म्हणजे याची दृष्ट लागणार. दौलतीला मनातून आनंद झाला होता, कारण ज्याचा हेवा करावा त्यानेच आपलं कौतुक केलं की बरं वाटतं. पण तो आनंद घटकाभरही टिकला नाही. संध्याकाळी एक कोंबडी जरा सुस्त दिसली. ती दुपारच्या भरड्याने सुस्त झाली होती. दौलतीने ठरवलं, केरबाची दृष्ट लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने खुराड्याच्या बांधाकडच्या बाजूला एक रिकामं पोतं बांधलं.

केरबा शेतात येता-जाता इकडे बघायचाच. शेजार आहे, डोळे मिटून कोण चालतं? तो बघायचा आणि दौलती आणखी एक पोतं बांधायचा. चार दिवसांत ती बाजू खालपासून वरपर्यंत पोत्यांनी झाकली गेली. मग त्याला वाटलं, हा ओढ्याकडून आला तर त्या बाजूने दिसेल. तीही झाकली. मग उरलेल्या दोन बाजू आणि दारही. पुढे खुराडं सरकवणंही थांबवलं, कारण हिरवं गवत उरलं होतं ते फक्त बांधाजवळ, आणि बांधाजवळ खुराडं न्यायचं म्हणजे केरबाच्या डोळ्यांसमोर न्यायचं. सकाळ-संध्याकाळ कोंबड्यांना बाहेर सोडणंही त्याने बंद केलं. देवीसाठी मोकळ्या वाढवलेल्या त्या कोंबड्या आता एकाच जागी, आपल्याच विष्ठेवर, पोत्यांच्या अंधारात बसून राहिल्या.

त्या माळावर वैशाखातला वारा पश्चिमेकडून येतो. रोज दुपार कलायला लागली की बांधावरून येतो आणि जाळीतून आरपार जातो. गरम असतो, पण वारा असतो. कोंबडीचा जीव त्याच वाऱ्यावर तगतो. दौलतीने दृष्ट अडवायला जी पोती बांधली, ती बरोबर त्या वाऱ्याच्या वाटेत होती. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. खुराड्याची पश्चिमेची, वाऱ्याकडची बाजू कधी झाकायची नाही, हे त्यानेच केरबाला शिकवलं होतं. पण हेवा डोक्यात बसला की शिकलेलं सगळं बाहेर उभं राहतं.

जत्रेला चार दिवस उरले तेव्हा केरबा बांधापाशी आला. पागोटं काढून हातात धरलं होतं.

"दादा, लहान तोंडी मोठा घास घेतो. ती पोती काढा. आत वारं कोंडतंय."

दौलती खुराड्याला आडवा उभा राहिला. "का? तुला बगायच्यात व्हय कोंबड्या?"

"न्हाई दादा, मला कशाला..."

"मला शिकवाया आलास? तुला खुराडं बांधाया कुनी शिकवलं?"

"तुमीच की."

"मग जा, आपलं बग."

केरबा गेला. दौलतीने त्याच्या पाठीकडे बघत मनाशी म्हटलं, माझ्या कोंबड्यांचं वजन किती झालं ते बघायला आला होता. आणि त्याने उरलेल्या फटीत पोत्याचं आणखी एक फडकं कोंबलं.

दुसरा दिवस उजाडला तोच भाजत. सकाळपासून पान हललं नाही. गावातली माणसं ओट्यावरून उठून आत गेली, कुत्री ओढ्याच्या चिखलात जाऊन पडली. केरबाने ऊन चढायच्या आतच आपल्या छत्तीस कोंबड्या हळूहळू हाकत ओढ्याकाठच्या करंजाच्या दाट सावलीत नेल्या आणि मोकळ्या बसवल्या. त्यांच्यासमोर पाण्याचे पाच परळ मांडले आणि तो व त्याची बायको घारींवर नजर ठेवून तिथेच बसले.

दौलतीने हे बाभळीआडून पाहिलं आणि तो खूश झाला. "भ्याला," तो सगुणाला म्हणाला. "खुराडं सोडून पळाला. दोन दिस दानापानी इस्कटलं की त्याची पाखरं हलकी व्हनार बग." तीन दिवसांवर जत्रा आली होती, म्हणून त्या दुपारी त्याने कोंबडीमागे एका मुठीऐवजी दोन मुठी भरडा टाकला. भारी कोंबड्या पुढे सरसावून खाऊ लागल्या. बारक्या, मागे राहिलेल्यांना काही मिळालं नाही. भरडा टाकून तो पुन्हा बाभळीखाली गेला आणि ओढ्याकडे तोंड करून बसला.

सगुणा विहिरीवरून दुसरी घागर घेऊन आली. खुराड्यापाशी येताच ती थांबली. रोज दुपारी आतून कोंबड्यांच्या धापांचा, बारीक कुरकुरीचा आवाज यायचा. आज काहीच येत नव्हतं.

तिने दाराचं पोतं वर केलं आणि ओरडली, "अवं, धावा! कोंबड्या आडव्या झाल्या!"

दौलती उठला, धावला. आणि आता मी जे सांगतो ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं इथेच ठरलं. खुराड्याकडे धावता धावता त्याने आधी मान वळवून बांधापलीकडे बघितलं. केरबाच्याही मेल्या का, हे बघितलं. त्या क्षणी त्याच्या मनात पाणी आलं नाही, सावली आली नाही, आधी तेच आलं. केरबाच्या कोंबड्या करंजाखाली बसलेल्या दिसल्या, तेव्हा त्याला आपल्या कोंबड्यांपेक्षा त्याचंच जास्त दुःख झालं.

आत सात-आठ कोंबड्या गेल्याच होत्या. बाकीच्या पंख पसरून, माना टाकून पडल्या होत्या. दौलतीने सगुणाच्या हातातली घागर घेऊन ती सगळी खुराड्यात ओतली. तापलेल्या जमिनीवर पाणी पडलं, चारी बाजूंनी पोती, आतली वाफ बाहेर जाईना. भाताच्या पातेल्यावर झाकण घालावं तसं झालं. आणखी दोन कोंबड्यांनी पाय झाडले.

"पोती काढा!" सगुणा म्हणाली.

दौलतीने गाठीला हात घातला आणि मान वर केली. समोर बांधावर केरबा उभा होता. सगुणाची हाक ऐकून तो धावत आला होता.

दौलतीचा हात गाठीवरच थांबला. पोतं काढलं की केरबाला सगळं दिसणार. मानाच्या कोंबड्या, ज्यांच्यावर डोळे ठरत नव्हते, त्या अशा लोळताना तो बघणार.

"तू जा," दौलती म्हणाला. "तू गेल्याबिगर मी काढनार न्हाई."

"दादा, काढा. लगी काढा."

"आदी तू जा!"

"दादा, मी जातो, पर तुमी काढताय ह्ये बगून जातो. जीव चाललाय त्यांचा!"

एक बांधावर उभा, एक खुराड्याला धरून उभा. दोघांपैकी कुणी हलेना. किती वेळ गेला? पाणी पिऊन भांडं खाली ठेवायला लागतो तेवढाच. पण अशा उन्हात कोंबडीला मरायला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

शेवटी सगुणाने कमरेचा विळा काढला आणि बांधाकडची पोती वरपासून खालपर्यंत फाडली. "बगू दे त्याला," ती म्हणाली. "साऱ्या गावाला बगू दे!"

केरबा बांध उतरून आला. तो कोंबड्यांकडे बघत राहिला नाही. "उचलू नगासा, हिसक्यानंच जीव जाईल," तो म्हणाला. "पाय तेवढं पान्यात भिजवा आन् वारा घाला." मग दिवस कलेपर्यंत तिघेजण सुपाने वारा घालत राहिले. दौलतीने एकदाही केरबाकडे मान वर करून बघितलं नाही.

ऊन उतरल्यावर मोजलं. चाळिसांतल्या सव्वीस गेल्या होत्या. गेल्या त्या सगळ्या भारी होत्या, दोन मुठी भरड्यातला मोठा वाटा खाल्लेल्या. उरलेल्या चौदा बारक्या होत्या, ज्यांना दुपारी दाणा मिळाला नव्हता. केरबाच्याही दोन गेल्या. तो इकडे वारा घालत होता तेव्हा त्याची बायको तिकडे एकटी होती, आणि घारीने डाव साधला.

दौलतीने त्या सव्वीस कोंबड्या माळाच्या कडेला खड्डा करून पुरल्या. खड्डा खणताना तो रडला. सगुणाने पाहिलं, पण ती जवळ गेली नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा आला. "दादा, एक सुचलंय. तुमच्या चौदा हायतच. माज्यातल्या सात घ्या, एकवीस व्हत्यात. भाऊबंद आपन, एकाच घरचं. मान तुमच्याच घरात राहू द्या."

बघा, एवढा चांगला माणूस समोर उभा होता आणि दौलतीच्या मनात काय आलं असेल? त्याच्या मनात आलं, आता चांगुलपणातसुद्धा हा माझ्या पुढे जाणार. कोंबड्या गेल्या, मान जायची वेळ आली, तरी हेवा जागचा हलला नव्हता. तो रोगच तसा चिवट असतो.

"बगतो," एवढंच तो म्हणाला.

केरबा गेल्यावर सगुणा म्हणाली, "घेनार का?"

"घेतल्या तर लोक म्हनतील, केरबानं मान वाचवला. न्हाई घेतल्या तर म्हनतील, दौलतीनं मान घालवला."

"लोक काय म्हनतील त्ये सोडा. तुमी काय म्हनता त्ये सांगा."

दौलती उठून खुराड्यापाशी गेला. चौदा कोंबड्या जाळीला चोच लावून बसल्या होत्या, कारण तिकडून वारा येत होता. तो पुष्कळ वेळ तिथे बसला. मग बांधापर्यंत जाऊन त्याने केरबाला हाक मारली आणि सांगितलं, "तुज्याच एकवीस ने. माज्या देवीला द्यायजोग्या ऱ्हायल्या न्हाईत."

जत्रेच्या दिवशी देवळापुढे गाव जमलं. केरबाने बांबूच्या डालग्यांतून एकवीस कोंबड्या आणल्या. पुजारणीने एकेक हातात घेतली, तोलली, पंखाखाली बोटं घातली. फार भारी नव्हत्या, पण तुकतुकीत होत्या, पायात बळ होतं. तिने मान डोलावली.

गावाची एक रीत होती. मान ज्या घरातून जायचा त्या घरच्या कर्त्याने देवीसमोर उभं राहून तो का जातोय ते सांगायचं, आणि मगच पुढच्याला नारळ द्यायचा. अकरा वर्षांत ही रीत करायची वेळ आली नव्हती, म्हणून सगळे टाचा उंचावून बघायला लागले. दौलती नारळ घेऊन पुढे आला.

"बोल दौलती," पुजारीण म्हणाली. "मान का सोडतुयास?"

दौलतीने नारळ या हातातून त्या हातात घेतला. लोकांना त्याची दया आली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "त्यो काय सांगनार बिचारा! ऊनच तसं पडलं."

"व्हय, असलं ऊन जन्मात न्हाई बगितलं," दुसरा म्हणाला. "कोंबड्याच काय, मान्सं मरत व्हती."

"उनानं मेल्या म्हन, दौलती, आन् दे नारळ," पुजारीणही मायेने म्हणाली.

केरबा शेजारीच उभा होता. तोही हळूच म्हणाला, "म्हना दादा. ऊनच व्हतं."

किती सोपं होतं! सगळं गाव त्याच्या हातात आयतं कारण ठेवत होतं. एक शब्द बोलायचा, नारळ द्यायचा, आणि मान गेला तरी अब्रू राहत होती. ज्याच्यामुळे हे सगळं झालं असं त्याला महिनाभर वाटत होतं, तोच माणूस त्याला वाचवायला बघत होता. दौलतीने केरबाकडे पाहिलं. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. केरबाच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद शोधला, आणि तो सापडला नाही.

"उनानं न्हाई मेल्या," दौलती मोठ्याने म्हणाला. "ऊन बांधाच्या पल्याड बी तेवढंच व्हतं."

त्याने केरबाकडे बोट केलं.

"ह्याच्या कोंबड्या जगल्या, माज्या मेल्या," तो पुढे म्हणाला. "ह्याची दृष्ट लागंल म्हनून मी पोती बांधली. ह्याच्याहून भारी व्हाव्यात म्हनून भर दुपारी दाना घातला. महिनाभर ह्याच्या कोंबड्या मोजल्या आन् माज्या मारल्या. आई, म्हनून मान सोडतुया."

दौलतीने नारळ केरबाच्या ओंजळीत ठेवला. केरबा त्याच्या पायाशी वाकला तेव्हा दौलतीच्या पोटात पुन्हा एकदा कळ आलीच, मी खोटं कशाला सांगू? पण त्याने दोन्ही हातांनी केरबाला उठवलं, आणि गर्दीतून वाट काढत तो घराकडे निघाला. दुपार व्हायला आली होती आणि चौदा कोंबड्यांच्या परळातलं पाणी बदलायचं होतं.

तात्पर्य: शेजाऱ्याची नजर अडवायला माणूस जो आडोसा बांधतो, तो आधी त्याच्या स्वतःच्या घरचा वारा अडवतो.